डुलकी न घेतलेला आठवडा

१

"सोमवार आणि गुरुवार जुळी भावंडं निघाली," संचालक म्हणाले आणि दोन लांबलचक कागद त्यांनी टेबलावर शेजारी शेजारी पसरले.

कागदांवर दोनच अक्षरं होती, डा आणि उ. मुंग्यांची रांग लागावी तशी ओळीमागून ओळ. डा म्हणजे फोटॉन, प्रकाशाचा एकुलता एक कण, डावीकडच्या डिटेक्टरवर पडला. उ म्हणजे उजवीकडच्या. समोर अर्धवट पारा लावलेला आरसा, कण त्यातून आरपार जाईल की वळून जाईल, हे आधी कुणालाही सांगता येत नाही. कितीही हुशार असा, नाही येत. देवाने ती एक गोष्ट स्वतःकडे ठेवली आहे, असं तळघरातल्या प्रयोगशाळेत म्हणत, आणि थट्टेने म्हणत नसत. मग दोन वेगळ्या दिवशी कणांची रांग सारखी कशी लागेल?

"आपला शोधनिबंध तपासणाऱ्या बाहेरच्या परीक्षकाने पकडलं," संचालक म्हणाले. "आकडे बनावट आहेत. बनवले कुणी, ते सांगायला नको."

टेबलाच्या त्या टोकाला ती उभी होती. तिला बस म्हणायचं कुणाला सुचलं नव्हतं. अंगाने बारीक, चालणं टुणटुण, म्हणून सगळी संस्था तिला चिमणी म्हणे. अंधाऱ्या तळघरात बसून कण मोजण्याचं काम तिचं, आणि त्यावरच तिची पीएचडी.

"मी नाही केलं," ती म्हणाली.

"दुपारच्या चहानंतर समिती बसेल. पीएचडी रद्द होईल. आणि हा ठपका घेऊन दुसरी कुठली प्रयोगशाळा तुला दारात उभं करेल, असं मला वाटत नाही."

खिडकीजवळच्या खुर्चीतून आक्का उठल्या. संख्याशास्त्राच्या प्राध्यापक म्हणून त्या केव्हाच निवृत्त झाल्या होत्या, तरी रोज यायच्या, आणि संस्थेत काही वाकडं घडलं की आधी त्यांनाच हाक जायची. त्यांनी चष्मा पुसला, दोन्ही कागदांवरून दोन बोटं सरकवत नेली.

"सारखे नाहीत," आक्का म्हणाल्या. "जवळजवळ सारखे आहेत. हे बघा, सोमवारी उ, गुरुवारी डा. इथेही तेच. इथेही. जिथे फरक आहे तिथे प्रत्येक वेळी सोमवारचा उजवा गुरुवारी डावा झालाय. उलट एकदासुद्धा नाही."

"मग काय झालं? ओळखू येऊ नये म्हणून पोरीने मधले मधले बदलले असतील."

"असतीलही. तुम्ही मला चहापर्यंत वेळ द्या, आणि त्या आठवड्याचे बाकीचे दिवसही छापून द्या."

"बाकीचे? परीक्षकाने हे दोनच तपासलेत."

"म्हणून तर मला बाकीच्यांची भीती वाटतेय," आक्का म्हणाल्या.

२

तळघराची खोली आतून काळ्या रंगाने रंगवलेली. दार लावलं की स्वतःचा हात दिसत नसे. चिमणीने टेबलावरचा लहानसा लाल दिवा लावला.

"रडून झालं का?" आक्कांनी विचारलं.

"झालं."

"मग आता मला शिकव. मला यातलं काही येत नाही असं समज."

"तुम्हाला येत नाही असं कसं समजू?" तिला हसू आलं, पण ते ओठांपर्यंतच पोचलं. "हा आरसा. हे दोन डिटेक्टर. कण पडला की टक्क वाजतं. पण आक्का, टक्क वाजल्यावर डिटेक्टर एक डुलकी घेतो."

"झोपतो?"

"क्षणभरच. तेवढ्या वेळात दुसरा कण आला तर त्याला दिसतच नाही. म्हणजे डावा नुकताच वाजला असेल, तर लगेच पुन्हा डावा वाजायची शक्यता जराशी कमी. खूप मोजलं तरच कळतं. सगळ्यांना ती खोड वाटते, गणितातून वजा करून टाकतात. मी म्हटलं, ही डुलकीच नीट मोजू. माझा प्रबंध त्याच्यावरच आहे."

"डुलकीवर पीएचडी!"

"आईसुद्धा असंच म्हणते. म्हणते, आमच्या घरी सगळे फुकट घेतात, तू डिग्री घेऊन घे."

आक्का मनापासून हसल्या. मग म्हणाल्या, "त्या आठवड्याचे आकडे तू स्वतः बघितले होतेस?"

"नाही. शुक्रवारचं मोजणं संपलं आणि घरून फोन आला, आईचं ऑपरेशन ठरलं. मी सगळे आकडे वरच्या सर्व्हरवर पाठवले. मिळाले असा निरोप आला. मग नियमाप्रमाणे इथल्या मशीनवरचे पुसले, इथे जागा पुरत नाही. परत आले तोवर निबंध गेलेला होता."

"रोज डाव्या-उजव्यांचं प्रमाण सारखंच यायचं?"

"नाही ना. खोली तापली की आरसा किंचित झुकतो. कधी डावे शंभरात पन्नास, कधी बावन्न. तो झुकाव मी रोज बैठकीच्या खोलीतल्या फळ्यावर लिहायची. सगळ्यांना दिसायचा."

"सगळ्यांना म्हणजे?"

"बाई, खडूकाका आणि मामा."

बाई म्हणजे या प्रयोगशाळेच्या प्रमुख, चिमणीच्या मार्गदर्शक. खडूकाका त्यांचे यजमान, शुद्ध गणितातले. कोटावर कायम खडूची भुकटी, म्हणून ते नाव. आणि मामा म्हणजे चिमणीचा सख्खा मामा, तिच्या आईचा धाकटा भाऊ. संस्थेचा संगणक विभाग त्याच्या हाती, सर्व्हरही त्याच्याच ताब्यात. भाचीमुळे तो सगळ्या संस्थेचा मामा झाला होता.

"मामा काय म्हणतो?"

चिमणीने दिव्याकडे बघितलं. "काहीच म्हणत नाही. घरी येतो, ताटावर बसतो, भाताशी खेळतो आणि उठतो. माझी लाज वाटते त्याला."

३

वरच्या मजल्यावर नवरा-बायको एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसत. मधोमध पुस्तकांची भिंत. आक्का आत शिरल्या तेव्हा भिंतीपलीकडून भांडण चालू होतं.

"अहो, निबंध पाठवायची घाई तुम्हीच केलीत!"

"अगं, आकडे इतके सुंदर आले होते! मी काय करणार?"

"सुंदर म्हणजे कसे?" आक्कांनी विचारलं.

खडूकाकांचा चेहरा उजळला. गणिताचं विचारलं की तो तसा उजळायचाच, समोर आग लागली असली तरी. "निवळशंख! माझा सिद्धांत सांगतो की प्रत्येक कण मागच्या कणाला पूर्ण विसरलेला असला पाहिजे. आधीच्या आकड्यांत कायम काहीतरी गढूळ यायचं. त्या आठवड्यात मात्र काय सांगू, आक्का! कणाला कणाची ओळख नाही. सिद्धांत चपखल बसला."

"कणाला कणाची ओळख नाही," आक्का हळूच म्हणाल्या.

"हो ना!"

"यांचा सिद्धांत उभा राहायला हवा होता, म्हणून यांना आनंद," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कोरडा होता. "आणि मला निधी मिळायला हवा होता, म्हणून मला. लपवत नाही मी. पोरीला मी शिकवलं, आता तोंड मलाच लपवायचंय. तिने असं का करावं?"

"तिने केलंच, असं धरून चाललात?"

"मग आणखी कोण? हे?" बाईंनी नवऱ्याकडे हात केला. "यांना साधा प्रोग्राम धड चालवता येत नाही."

"येतो हं मला!" खडूकाका दुखावले. "फक्त माझा प्रोग्राम दर वेळी वेगळं उत्तर देतो. त्यावरून मामाने भर बैठकीत माझी हजामत केली होती, आठवतं? म्हणे, काका, सीड लावा, सुरुवातीचा आकडा बांधून द्या! मी म्हटलं, नशिबाला कशाला रे बांधून घालायचं? खेळू दे त्याला."

आक्का दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या.

"बाई, कणाला कणाची ओळखच नव्हती, असं हे म्हणतात. तुमच्या डिटेक्टरने त्या आठवड्यात एकही डुलकी घेतली नाही?"

बाईंच्या हातातला पेला तसाच राहिला.

"मी बघितलंच नाही," बाई पुटपुटल्या. "देवा. मी आकडे उघडून बघितलेच नाहीत."

४

छापलेले कागद आक्कांनी रिकाम्या वर्गात जमिनीवर अंथरले आणि गुडघ्यांना न जुमानता त्या खाली बसल्या. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार.

आधी डुलकी शोधली. डाव्यानंतर लगेच डावा किती वेळा, उजवा किती वेळा. सोमवारी नाही, मंगळवारी नाही, कुठल्याच दिवशी नाही. म्हणजे चिमणीने खऱ्या सोमवारची नक्कल गुरुवारी उतरवली, हे म्हणणं तिथेच कोसळलं. सोमवारही खोटा होता! अख्खा आठवडा खोटा होता, आणि तो बनवणाऱ्याला डुलकीची आठवणही झाली नव्हती.

मग त्यांनी पाची दिवस झुकावाप्रमाणे लावले, कमी डाव्यांचा आधी, जास्त डाव्यांचा शेवटी, आणि श्वास रोखून बोट फिरवत राहिल्या. पहिल्या कागदावर जिथे डा होता, तिथे पुढच्या सगळ्यांवर डाच होता. पुढच्या कागदात थोडे नवे डा मिसळले होते, त्याच्या पुढच्यात आणखी थोडे. एकात एक बसणाऱ्या डब्यांसारखे पाच दिवस.

"असं होय," आक्का म्हणाल्या. आता त्यांना सगळं दिसत होतं आणि त्यांना ते बघायचं नव्हतं.

दार ढकलून बाई धावतच आत आल्या. "आक्का, लवकर चला. चिमणी माफीनाम्यावर सही करतेय."

"काय?"

"केलं मी, चुकले, असं लिहून दिलं तर पीएचडी जाईल, पण हाकलून देणार नाहीत, पुन्हा पहिल्यापासून नाव घालता येईल. संचालक तयार झालेत."

"हे तिच्या डोक्यात कुणी भरवलं?"

"तिच्या मामाने," बाई म्हणाल्या. "म्हणाला, सही करून टाक, पुढचं मी सांभाळतो."

आक्कांनी हात पुढे केला. बाईंनी त्यांना उठवलं.

"तुम्ही तिच्याकडे जा," आक्का म्हणाल्या. "बांधून ठेवा हवं तर. मी मामाकडे जाते."

५

सर्व्हरच्या खोलीत कायम वारा घोंगावत असे आणि थंडी इतकी की मामा बारा महिने स्वेटर घालायचा. तो स्क्रीनसमोर बसला होता. स्क्रीन बंद होता.

"बस आक्का," तो म्हणाला, मग चपापला. "बसा."

"एक कोडं घालते," आक्का म्हणाल्या. "पिशवीत शंभर चिठ्ठ्या आहेत, एक ते शंभर. चिठ्ठी काढायची, आकडा बघायचा, परत टाकायची. पन्नासपर्यंतचा आला तर डा लिहायचं, वरचा आला तर उ. हा सोमवार. गुरुवारी आरसा झुकलेला, म्हणून बावन्नपर्यंत डा. आता मला सांग, दोन्ही दिवशी चिठ्ठ्या अगदी त्याच क्रमाने निघाल्या तर काय होईल?"

उत्तर मामाला प्रश्न संपायच्या आधीच कळलं होतं, आणि तेच त्याचं दुर्दैव.

"ज्या जागी एक्कावन्न आणि बावन्न निघाले, तेवढ्याच जागा बदलतील," आक्काच म्हणाल्या. "सोमवारचा उ गुरुवारी डा. उलट कधीच नाही. पाची दिवस असेच आहेत, मी लावून बघितले. एकाच क्रमाने निघालेल्या चिठ्ठ्या, फक्त रोजचा झुकाव फळ्यावरून उचललेला. खऱ्या पिशवीतून असा क्रम पुन्हा निघत नाही. संगणकाच्या पिशवीतून निघतो. त्याला सुरुवातीचा तोच आकडा दिला की तो त्याच चिठ्ठ्या, त्याच क्रमाने, हव्या तितक्यांदा काढून देतो. तुम्ही त्याला सीड म्हणता."

"प्रोग्राम कुणालाही लिहिता येतो," मामा म्हणाला. वाऱ्याच्या आवाजात त्याचं बोलणं कसंबसं ऐकू आलं.

"येतो. चिमणीला येतो. पण आपल्या प्रबंधाचा विषयच ज्यातून गायब आहे असे आकडे ती कशाला बनवेल? डुलकी नाही तर तिचा प्रबंध नाही. बाईंचं सगळं आयुष्य त्या डिटेक्टरांच्या डुलक्या मोजण्यात गेलं. त्या बनवत्या तर डुलक्या घालून बनवत्या. अंधाऱ्या खोलीत कधीच न बसलेले दोघे उरले, खडूकाका आणि तू. खडूकाकांचा प्रोग्राम दर वेळी वेगळ्या चिठ्ठ्या काढतो. सीड लावत नाहीत म्हणून तूच त्यांना भर सभेत झापलंस. त्यांनी आठवडा बनवला असता तर पाची दिवस वेगळे निघाले असते आणि परीक्षकाला काही सापडलं नसतं."

मामाने दोन्ही हात तोंडावरून फिरवले.

"उत्तर पुन्हा तपासता यावं, म्हणून प्रत्येक प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत सीड," आक्का म्हणाल्या. आता त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि ते रागापेक्षा कठीण होतं. "सगळ्या संस्थेला तू ते शिकवलंस. चांगली सवय आहे रे. सचोटीची सवय आहे. ती ओळ तू विचार करून लिहिली नाहीस. तुझ्या बोटांनी लिहिली."

"जुन्या फायली साफ करायचा एक प्रोग्राम मीच लावला होता," मामा बोलू लागला, आणि एकदा बोलू लागल्यावर थांबेना. "त्याने तिचा आठवडा जुना समजून पुसला. बॅकअप होता. म्हणजे आहे असं मी सगळ्यांना सांगायचो. उघडून बघितला तर आत काहीच नव्हतं. ती हॉस्पिटलात ताईच्या उशाशी बसलेली. तिला काय फोन करू? म्हटलं, तात्पुरती जागा भरू, ती आली की सांगू, पुन्हा मोजेल. तेवढ्यात काकांनी आकडे उचलले आणि निबंध गेलासुद्धा. मग रोज म्हटलं, उद्या सांगतो."

"इथवर तू घाबरलेला माणूस होतास," आक्का म्हणाल्या. "माफीनाम्याचं सांग."

त्याने बंद स्क्रीनकडे तोंड फिरवलं.

"ती उभी होती रे तिथे. कुणी बस म्हटलं नाही तिला. आणि तू तिला म्हणालास, सही कर."

"हे कळलं तर सर्व्हरवरच्या कुणाच्याच आकड्यांवर कुणी विश्वास ठेवणार नाही, आक्का. सगळी संस्था..."

"संस्थेला मध्ये आणू नकोस. ती संस्थेला मामा म्हणून हाक मारत नाही, तुला मारते."

खाली चहाची घंटा झाली. दोघांनीही ती ऐकली.

"मी वर जाऊन सांगू शकते," आक्का म्हणाल्या. "मी सांगितलं तर तू पकडला गेलास असं होईल. तुझ्या पायांनी गेलास तर निदान तिला मामा राहील. मी जिन्याने जाते. मला वेळ लागतो."

६

आक्का धापा टाकत बैठकीच्या खोलीच्या दारात पोचल्या, तेव्हा आतून एकाच माणसाचा आवाज येत होता. मामा उभ्यानेच बोलत होता. लिफ्टने आला असावा. सगळं सांगत होता, साफसफाईच्या प्रोग्रामपासून. पोकळ बॅकअप, फळ्यावरचे झुकाव, सीड. शेवटी माफीनाम्यापाशी आला आणि अडखळला. तेही त्याने सांगितलं. चिमणी टेबलाकडे बघत होती. बाईंनी तिचा दंड घट्ट धरून ठेवला होता, पण उशीर झाला होता. माफीनाम्यावर सही होती.

संचालकांनी घसा साफ केला. "हा मुद्दाम रचलेला बनाव कशावरून नसेल? भाचीला वाचवायला मामाने..."

"प्रोग्राम चालवून बघा," मामा म्हणाला. "सीड मी सांगतो. पाची दिवस जसेच्या तसे निघतील, एकही अक्षर चुकणार नाही. आणि त्यात डुलकी सापडणार नाही, तिने बनवले असते तर ती आधी डुलकी घालती."

खडूकाकांनी लगेच बाईंचा लॅपटॉप ओढला. मामाने आकडा सांगितला. सोमवार निघाला. मंगळवार निघाला. काका एकेक ओळ कागदाशी ताडून बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. गुरुवारपर्यंत आल्यावर त्यांनी लॅपटॉप मिटला. आपला सिद्धांत कशावर उभा होता, ते त्यांनाही कळलं होतं.

"निबंध मागे घेऊ," ते म्हणाले. बाईंनी मान हलवली.

संचालकांनी माफीनामा उचलला. "हा रद्द. चिमणीवरचा आरोप मागे घेतला, तशी नोंद होईल. पीएचडी चालू राहील. त्या आठवड्याचं मोजमाप मात्र पुन्हा करावं लागेल." आणि ते कागद फाडायला गेले.

"फाडू नका," चिमणी म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघू लागले.

"तो परीक्षकाला पाठवायच्या अहवालात घाला. मी काही केलं नव्हतं, तरी मी केलं असं लिहून सही केली. तुम्ही सगळ्यांनी ती घेतली. हे पण कळलं पाहिजे ना कुणाला तरी?"

संचालकांचा हात कागदासकट खाली आला. कागद त्यांनी अहवालाच्या फायलीत ठेवला. मग स्वतःशेजारची खुर्ची मागे ओढली आणि म्हणाले, "बस, बाळा."

"नको. डिटेक्टर गार झाल्याशिवाय नीट मोजत नाहीत, आणि त्याला रात्र जाते. आत्ता चालू केले तर उद्या मोजायला घेता येईल."

ती निघाली. दाराशी मामा उभा होता. तो बाजूला झाला, मग काहीतरी बोलायला तोंड उघडलं. "चिमे, मी..."

"आईला तू सांगायचंस," ती म्हणाली. "मी नाही सांगणार. आणि आजच सांगायचंस, उद्या नाही."

"हो."

"आणि जेवायला ये. तू ताटावर नुसता बसतोस, तिला वाटतं तिच्या आजारपणाला कंटाळलास."

मामाने मान खाली घातली ती वर केलीच नाही. चिमणी जिना उतरत गेली. खालच्या मजल्यावर पोचल्यावर तिच्या पायांचा आवाज क्षणभर थांबला, सगळ्यांना वाटलं परत येतेय. मग तळघराचं जड दार लागल्याचा आवाज वरपर्यंत आला.